बिनशेंगदाण्याचे पोहे

“ही नोंद चालली, तर मिशी उतरवीन!” अरविंदरावांनी गणपतीच्या मंडपात सगळ्यांदेखत मिशीला पीळ दिला. “आणि नाही चालली तर, वहिनी?”

“तर मी नानाखेड्याच्या भर गर्दीच्या बस स्टँडवर कोंबड्यासारखी आरवीन,” शेजारच्या रजनीवहिनी म्हणाल्या.

कॉलनी खूश. कांदे चिरणारे हातसुद्धा थांबले. अरविंदरावांची मिशी म्हणजे काही साधीसुधी चीज नव्हती. लग्नानंतर ठेवलेली, तेल पाजून वाढवलेली, टोकं वर वळलेली. कॉलनीत कुणाला टोपी घातली की ते तिच्यावरून हात फिरवत. मिशी गेली तर दरारा गेला!

भानगड पोह्यांची होती. रविवार होता आणि आरतीनंतर सगळ्या कॉलनीला पोहे होते. रजनीवहिनी कॉलेजात कम्प्युटर शिकवायच्या. त्यांनी लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला होता. पडद्यावर साधी नोंद, ना रंग ना चित्र. वर पोह्यांची कृती, खाली इंग्रजीतल्या कंसबिंसवाल्या चार ओळी. माणसं किती तो आकडा टाकायचा, दोन बटणं दाबायची, की पोहे किती, कांदे किती, इकडच्या पोह्यांत लागते ती बडीशेप किती, सगळं तिथंच नोंदीत खाली उमटणार. दुसरं काही उघडायलाच नको. असं वहिनींचं म्हणणं.

“काहीतरीच! लिहिलेलं ते लिहिलेलं,” अरविंदराव म्हणाले. “किराण्याची चिठ्ठी कधी उठून बाजारात जाते का?”

“अहो, मिशी कशाला लावताय?” त्यांच्या बायकोनं, शैलाताईंनी, काळजीनं विचारलं. “दुसरं काही लावा ना.”

“तू गप गं. तुला काय कळतंय ह्यातलं? मिशी म्हणजे मिशीच!”

बोलून बसले खरे, पण आत धाकधूक. वहिनी फारच खात्रीनं हसत होत्या. पण अरविंदरावही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. आरती सुरू झाली. आरतीच्या शेवटी सगळे डोळे मिटून जागच्या जागी गिरकी घेतात. अरविंदरावांनीही घेतली, जरा ऐसपैस. गिरकी टेबलापाशी पोचली. तिथं ओळीच्या टोकाला कर्सर लुकलुकत होताच. एक बोट लागलं, एक कंस पुसला गेला, आणि गिरकी हात जोडून जागेवर परत आली. बाप्पांनी पाहिलं असेल तर पाहिलं.

प्रसाद वाटून झाला. वहिनींनी आकडा टाकला, बटणं दाबली. खाली लाल अक्षरांत एक इंग्रजी ओळ उमटली. ना पोहे, ना कांदे.

“चला वहिनी, बस स्टँड!” अरविंदराव नाचायलाच लागले. “कुकूऽच कू!”

वहिनींचं तोंड उतरलं. तेवढ्यात शैलाताई कांद्याचे हात पदराला पुसत पुढं आल्या. पडद्याकडे एकदाच पाहिलं.

“ह्या ओळीचा शेवटचा कंस कुणी खाल्ला?” म्हणाल्या, आणि एका बोटानं तो परत टाकला. दोन बटणं दाबली.

पोहे. कांदे. बडीशेप. टपाटप खाली उमटले. मंडपात शिट्ट्या!

“तुला… तुला कसं कळलं?”

“मी लिहिलेलं मला नाही कळणार? रोज दुपारी रजनीकडे भजनाला जाते म्हणत होते ना? ते हेच भजन.”

अरविंदराव नोंदीवर वाकले. कंसाच्या घाईत त्यांनी वरची कृती वाचलीच नव्हती. तिची शेवटची ओळ होती, ‘ह्यांच्या बशीत शेंगदाणे नकोत.’ पोह्यांतले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवणारा माणूस सबंध कॉलनीत एकच होता.

पळायला वाट नव्हती. नाक्यावरचा न्हावी खुर्चीसकट मंडपापुढं हजर झाला आणि इथल्या हिंदीत म्हणाला,

“भिया, सोच लो. पक्का उड़ा दूँ?”

“उड़ा दे यार,” अरविंदराव डोळे मिटून म्हणाले. “जबान दी है.”

वस्तरा फिरला. कॉलनीनं मोबाइल वर धरले. टॉवेल निघाला, आणि खाली एक गुळगुळीत, गोंधळलेलं, पोरसवदा तोंड निघालं. अरविंदरावांचा हात सवयीनं वर गेला आणि काहीच न सापडल्यामुळे गालावर थांबला. लोक पोट धरधरून हसले.

शैलाताई तेवढ्या हसल्या नाहीत. वाफाळत्या पोह्यांची बशी घेऊन त्या समोर उभ्या राहिल्या. वर सेव आणि जिरावण मसाला, शेंगदाणा मात्र एकही नाही. त्या तोंडाकडे बघतच राहिल्या आणि लाजल्या.

“सापडला गं रजनी! मला बघायला आला होता तो हाच. पोहे खाऊन ह्यालाच मी होकार दिला होता.”