बिनपैशाचं घर

स्वस्तात घरं कशी बांधावीत हे शिकवणारे नागपूरचे एक आर्किटेक्ट चौऱ्याऐंशी साली वैनगंगेकाठच्या एका गावात आले, ते विद्यार्थ्यांची फौज घेऊनच. बाहेर ऊन रणरणत होतं, पण सत्यभामाबाईच्या मातीच्या घरात गारवा होता. जाड भिंतीवर हात फिरवत त्यांनी विचारलं, "बाई, बांधायला खर्च किती आला?"

"कायचा खर्च, साहेब? माती आमच्या बोडीतली, तळ्यातली, बांबू जंगलातले, छपराचे कवेलू घरीच भाजले. अन् भिंती साऱ्या गावानं येऊन चढवून देल्या. एक पयसा नाई लागला!"

"याला म्हणतात घर!" आर्किटेक्ट विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, आणि अंगणभर टाळ्या पडल्या.

जन्मात पहिल्यांदाच कुणी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे कितीतरी वर्षं ती येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगायची. नवरा, सेवकराम, वैतागायचा, "कितीदा सांगशीन वं तेच ते?"

मग नदीवर धरण व्हायचं ठरलं. बुडणाऱ्या घरांची भरपाई ठरवायला सरकारी साहेब दारोदार फिरू लागले. ते सत्यभामाबाईकडे आले तेव्हा सेवकराम नेमका धानाच्या रोवणीला शेतावर, बांधीत गेलेला. साहेबांनी भिंतीवर हात ठेवला आणि विचारलं, "बाई, बांधायला खर्च किती आला होता?"

तिचा चेहरा उजळला.

 

"एक पयसा नाई लागला, साहेब!" पदर सावरत सत्यभामाबाई म्हणाली, आणि टाळ्यांची वाट पाहत उभी राहिली.