इसिल्डाबाईंची काठी

जमैकातल्या आमच्या बंदरगावात एका गोऱ्या कप्तानाचं जुनं घर आहे. ते पाहुण्यांना इसिल्डाबाईच दाखवत. प्रत्येक वस्तूवर काठी टक्कन टेकवायची आणि तिचा इतिहास सांगायचा. "मेले तरी दुसऱ्या कुणाला दाखवू देणार नाही," म्हणायच्या. शब्दाच्या पक्क्या.

त्या गेल्या. नवव्या रात्रीचं जागरण संपल्यावर आम्ही रिवाजाप्रमाणे कप्तानाच्या घरातलं सामान इकडचं तिकडे हलवलं, म्हणजे भुताला घर ओळखू येत नाही.

दुसऱ्या दुपारी त्यांची भाची विन्सम घर दाखवायला त्यांच्या जागी रुजू झाली. मी सोबतीला होतो. ती कप्तानाच्या खुर्चीत बसली, तोच टक्क झालं. पलंग पूर्वी होता त्या रिकाम्या जमिनीवर.

मग कपाटाच्या जुन्या जागी टक्क.

"फसली मावशी!" विन्सम हसली. "काका, रम काढा."

"हळू बोल गं. कान फार तिखट त्यांचे."

आवाज थांबला. मग खिडकीपाशी, पलंगाच्या नव्या जागी, लाकडावर टक्क. दाराआडच्या कपाटावर टक्क. आरशावर जरा जपून. काचेची त्यांना फार काळजी.

आता खोलीत फक्त खुर्ची उरली होती.

"काका," विन्सम कुजबुजली, "मला उठता येत नाहीये."