उचल्याकाकांची शर्यत
रिमोटच्या गाड्या पळवणाऱ्या क्लबात काका वर्षानुवर्षं नारिंगी जाकीट घालून इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायचे, तेही फुकट. म्हणून त्यांचं नाव उचल्याकाका. शेवटी काकूंनीच त्यांना मेंबर करून टाकलं, जाकीट स्वतः चढवलं आणि बजावलं, “आज तुम्ही पळवा, उचलायला मी आहे.” पहिल्याच वळणावर काकांची निळी गाडी उताणी पडली. जित्याची खोड! रिमोट टाकून काका थेट ट्रॅकवर धावले. तोवर काकूंनी गाडी सरळ केली होती. “अहो, इकडे कुठे? गाडी काय माझा भाऊ चालवणार?” काका ओशाळून माघारी पळाले. शर्यतीत कुणी कुणासाठी थांबत नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! धापा टाकत रिमोट उचलला, तर समोर निळीच्या मागे सगळ्या गाड्या रांगेत थांबल्या होत्या. “चला की उचल्याकाका,” शेजारून क्लबची चॅम्पियन ओरडली, “बॅटऱ्या उतरतायत!”