टापा आणि घंटा

"ट्वीटरला तार जोडलीच नाहीस तू," बाबा म्हणाले.

लेकीने जोडली होती. दोनदा ओढूनही पाहिली होती. बाबांची पद्धतच तशी: डब्यातल्या प्रत्येक स्पीकरला आधी एकट्याने बोलायला लावायचं, मग तिघांना एकत्र. म्हणून खालच्या थाळीएवढ्या, जाड आवाजाच्या वूफरची आणि मधल्याची तार काढलेली होती, आणि वरचा तो बाटलीच्या झाकणाएवढा, बारीक आवाजाचा ट्वीटर एकटाच वाजत होता. वाजत कसला, किंचाळत होता.

कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यात लेकीने आपल्या चिमीला बसवलं होतं. आठ महिन्यांची पोर दचकली, तिने ओठ मुडपला आणि भोकाड पसरलं.

"आता हिला काय झालं?" बाबांनी डोळे उघडले. "सगळं तर शांत आहे."

लेकीचा हात होता तिथेच थांबला.

बाहुल्यांची नाटकं करणाऱ्या बाईंचे हे दोन डबे तिसऱ्यांदा दुकानात परत आले होते. नाटकात एक घोडा येतो, गळ्यात बारीक घंटा घालून; त्याचंच रेकॉर्डिंग आता लावलं होतं. "तो आला की मुलं कान झाकून घेतात हो," बाई म्हणाल्या होत्या. "तुमच्या घोड्याला एवढं दुखतंय तरी काय?" आवाज कोंडलाय म्हणून टोचतो, असं बाबांचं म्हणणं. त्यांनी दोन्ही खेपेला ट्वीटरच्या वाटेतला, आवाज अडवणारा एकेक रेझिस्टर काढून तो आणखी मोकळा केला होता. आज चार वाजता बाई येणार होत्या, आणि आज जमलं नाही तर डबे दुसऱ्या दुकानात जाणार होते.

दोन्ही खेपेला लेकीच्या कानात दाभण गेल्यासारखं झालं होतं, आणि दोन्ही खेपेला ती गप्प बसली होती. चाळीस वर्षं मुरलेल्या कानांपुढे आपले कान कच्चे, असं समजून. कच्चे नव्हते. तिची छाती धडधडायला लागली. आनंदानेच. आणि त्याच दमात तिला कळलं, थकलेत ते बाबांचे कान.

"बाबा, तार जोडलेली आहे."

"मग जळला असेल."

"वाजतोय, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग चिमीकडे. त्यांनी स्वतः आवाजाचं बटण शून्यावर नेलं. चिमी हुंदका गिळून थांबली. त्यांनी ते हळूच, अगदी केसभर फिरवलं. चिमीची मान डब्याकडे वळली. परत शून्य. परत केसभर. पोर टक लावून ट्वीटरकडे बघत राहिली. आजोबा नातीकडे.

ते स्टुलावर बसले.

"म्हणजे हल्ली माल हलका येतो म्हणून वर्षभर मी त्या ट्वीटरवाल्याला शिव्या घालतोय," ते म्हणाले, "तर त्याचा माल—"

"चांगला आहे."

"अरेरे. चहा पाजावा लागणार त्याला."

लेक हसली नाही. तिला हसू येत होतं की रडू, तेच तिला कळेना.

"वाजले किती?"

"सव्वातीन."

"मग माझं तोंड काय बघत बसलीस? ऊठ. वरचं तू ऐक. खालचं अजून माझंच आहे." आणि त्यांनी चिमीला उचलून खांद्यावर टाकलं.

लेकीने सोल्डरची सुई तापवली. पहिला रेझिस्टर लावला, तरी घंटा टोचत होत्या. दुसरा लावला, तर भिंतीपलीकडे गेल्या. ती पुटपुटत होती, बोट भाजत होतं, फुंकर मारायलाही ती थांबत नव्हती. तिसरा लावला आणि तिचे खांदे आपोआप खाली आले.

"आल्या?" बाबांनी विचारलं.

"आल्या."

"कशा आहेत?"

ती शब्द शोधायला लागली. "हलक्या आहेत. पण एकेक वेगळी. घोड्याने मान हलवली ना, तेसुद्धा कळतं."

बाबांनी मान डोलावली. "दुसऱ्या डब्यालाही तसाच लाव. मग सगळ्यांना जोडू."

सगळे एकत्र वाजायला लागले तेव्हा त्यांनी डाव्या डब्यावर तळहात ठेवला, मग उजव्यावर, मग पुन्हा डाव्यावर.

"उजव्या टापा फरशीवर पडतायत. या डाव्या चिखलात."

"मला तर सारख्याच वाटतात."

"तुझं सगळं लक्ष घंटांत. मागे बघ, हवा निसटतेय कुठून तरी."

डाव्या डब्याच्या पाठीचे दोन स्क्रू अर्धे बाहेर आले होते. सकाळपासून तिने तो डबा चारदा उघडून बंद केला होता. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही ना." आणि फरशीवर आडवी झाली. बाबाही गुडघे टेकून खाली बसले, एका काखेत चिमी, दुसऱ्या हाताने डब्याची फळी दाबून धरत. "घट्ट पिळ. अजून. अगं, अजून."

"चार वाजले," दारातून आवाज आला. बाहुलीवाल्या बाई पर्स छातीशी धरून उंबरठ्यावर उभ्या होत्या. "झालं का काही, की नेऊ दुसरीकडे?"

"बाई, दोन मिनिटं गप्प बसा," डब्यामागून बाबा म्हणाले. "घोडा येतोय."

लेकीने बटण दाबलं. डावीकडून टापा आल्या, फरशीवरच्या, टणक. मधून स्वार काहीतरी बोलला. मग घंटा आल्या. घोडा डावीकडून उजवीकडे सबंध दुकान ओलांडत निघाला, आणि उंबरठ्यावरच्या बाई त्याला वाट द्यायला एक पाऊल मागे सरल्या.