पांढऱ्या केसांच्या बाई

"स्वतःच्या रक्तानं चेहरा थोडा उजळतो. लेकीच्या रक्तानं तिशी परत येते, पण मग माघार नाही," डॉक्टरांनी कुमुदला बजावलं.

स्वतःच्या रक्ताचा उपचार कुमुदनं दोनदा करून पाहिला होता. तरीही तिच्या हातून जेवता जेवता भालचंद्रराव विचारायचेच, "माझी बायको कुठं गेली?" विसरत चाललेल्या त्यांच्या मनात तिशीतली कुमुदच उरली होती. शेवटी शलाकानं, लेकीनं, रक्त द्यायला दंड पुढे केला.

महिनाभर इस्पितळात राहून कुमुद घरी परतली ती काळ्याभोर केसांची होऊन. ठेवणीतली अबोली साडी नेसून ती नवऱ्यासमोर ताट घेऊन बसली आणि वरणभातावर नेहमीसारखं लिंबू पिळून तिनं घास पुढे केला.

भालचंद्ररावांनी तोंड फिरवलं.

"अहो, मी आले ना. तुमची कुमुद."

"मला त्या पांढऱ्या केसांच्या बाई भरवतात," ते रडवेले होऊन म्हणाले. "महिना झाला, येत नाहीत. कुठं घालवलंत त्यांना?"

खरकट्या हातानंच कुमुद आरशासमोर गेली आणि बट न् बट उलगडून एखादा पांढरा केस शोधत राहिली.