गुळगुळीत अंगठे
साधनानं आपल्याच कंपनीच्या हजेरी ॲपमधली चूक तिसऱ्यांदा नोंदवली आणि पुण्याच्या मॅनेजरनं ती तिसऱ्यांदा फेटाळली. पोंभुर्ण्याजवळच्या बांबूकामाच्या शेडमधल्या बायांचे अंगठे ॲप ओळखत नव्हतं. दिवसभर राबूनही त्यांची गैरहजेरी लागत होती. त्या दिवशी बाया साधनाच्या घरी जमल्या होत्या, तेव्हा ऑनलाइन मीटिंगमध्ये मॅनेजर वैतागले. "आमच्या ऑफिसात सगळ्यांचे अंगठे चालतात, मॅडम. घरून काम झेपत नसेल तर पुण्याला या." साधनाच्या मांडीवरचं लेकरू चुळबुळलं. त्याला घेऊन पुण्यात एकटीनं राहायचं? याच धास्तीनं ती मीटिंगमध्ये गप्प बसायची. शेडमधली गोकुळामावशी मागून कुजबुजली, "काऊन गप राह्यली वं? दाखव ना त्याले." साधनानं कॅमेरा सुरू केला आणि लेकराला घेऊन ती बाजूला सरकली. बांबूच्या कामट्या सोलून सोलून रेषा पुसलेले गुळगुळीत अंगठे एकामागोमाग पडद्यावर आले. "कळलं, पुरे," मॅनेजर म्हणाले. "थांबा, सर," साधना म्हणाली, "रांग अंगणापर्यंत आहे."