विमानाचं तोंड

चौथी छडी बसली तरी हेमला उत्तर बदलेना.

"इमान वाऱ्याकडं तोंड करून उडते, गुरुजी."

जानराव गुरुजींनी कपाळाला हात लावला. तांड्यावरचं हे पोरगं, हेमला, वर्गात सगळ्यात हुशार, आणि हट्टीही तेवढंच. उद्या शाळा तपासायला डिप्टी साहेब येणार होते. त्यांना विज्ञानाचं भारी वेड. विमानावर प्रश्न विचारणार हे ठरलेलं. पोरांनी बरं उत्तर दिलं तर सातवीचा वर्ग मिळणार, नाहीतर सगळी पोरं सहावीनंतर ढोरांमागं. हेमला सगळ्यात आधी. आणि हाच गडी गुरुजींना खोटं पाडायला बसलेला!

खरं सांगायचं तर गुरुजींनी जन्मात विमान जवळून पाहिलं नव्हतं. पुस्तकात एक चित्र होतं आणि चार ओळी. त्यांनी केनवडच्या बाजारातून पतंगाचा कागद आणला, पट्टी कापून ओठांशी धरली आणि वरून फुंकर मारली. लोंबणारी पट्टी वर उचलली गेली. वरून वारा पळाला की तिथला दाब कमी होतो, खालची हवा उचलून धरते. इथवर पुस्तक होतं. पुढचं गुरुजींनी स्वतःच्या डोक्यानं लावलं. खळ्यातला भुसा वाऱ्यासंगं जातो, तसंच विमान. वारा पाठीशी घ्यायचा आणि उडायचं.

"काहून ऐकत नाहीस रे?"

"वारा तुमच्या तोंडातून येते, अन् कागदाची धारबी तिकडंच हाय ना, गुरुजी."

वर्ग हसला. गुरुजींनी पाचवी छडी ओढली.

दुपारी त्यांनी हेमलाच्या आईला बोलावणं धाडलं. रुपाबाई आली ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. गुरुजींचा सकाळचा ताव पार उतरला होता.

"बाई, पोराले समजावून सांगा. उद्याच्या एका दिवसाचा सवाल हाय. साहेबापुढं मी शिकवलं तेच बोलू द्या त्याले. हे त्याच्या डोक्यात भरवलं कोणं?"

"म्याच."

"तुमी कुठं पाह्यलं विमान?"

"दोन सालं झाले. आमी दूर खडी फोडाले गेलतो, इमान धावते त्या पट्टीवर." तिनं शेजारी उभ्या लेकाचा हात उघडून पाहिला. वळांवरून बोट फिरवलं. "दुसरं काईबी सांगा, गुरुजी. त्याच्याकडून घोकून घेईन. हे नाई."

"अवो, पण काहून?"

"त्याच्या बापालेबी तुमच्यावानीच वाटलं. म्हने, इमान वाऱ्यासंगं जाईन, वाऱ्याच्या तोंडाकडं येनार नाई. म्हनून वारा येत होता त्या टोकाले, पट्टीवरच पाठ करून भाकर खायाले बसला. उलट्या वाऱ्यात आवाजबी नाई आला त्याले. इमान तिकडंच आलं."